तेलाचे डाग जागच्या जागी

पंधरा-वीस डॉलरला आजकाल एक विमानतळ मिळतो. धावपट्टी, टॅक्सीवे, टर्मिनल, कंट्रोल टॉवर, झालंच तर पार्किंगमधल्या गाड्या, एवढं सगळं त्यात येतं. एखाद्या बड्या शहराचा, चार-पाच टर्मिनलांचा हवा असेल तर पाच-दहा डॉलर चढे. सातबारा बघायला नको, भूसंपादन नको, पर्यावरणाचा दाखला नको. रात्री जेवणं आटोपल्यावर कार्डावरून पैसे भरायचे, काही जीबींची फाइल उतरवायची आणि ‘कम्युनिटी’ नावाच्या फोल्डरात टाकायची. झोपायच्या आत विमानतळ बांधून तयार.

हे विमानतळ कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बसवायचे असतात. मूळ सॉफ्टवेअरमध्ये जगभरचे हजारो विमानतळ आधीच दिलेले असतात, पण त्यातले बहुतेक एकाच साच्यातले. धावपट्टीची लांबी बरोबर, दिशा बरोबर, आणि टर्मिनल मात्र जे फिनलंडात तेच फिलिपीन्समध्ये. शौकीन माणसाला हे बघवत नाही. म्हणून मग ॲडऑन, म्हणजे तोच विमानतळ हाताने, खिडकीन् खिडकी मोजून पुन्हा बांधलेला.

यात गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे मोजतं हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. हळूहळू उमगलं. ते मळाचे पैसे मोजतं.

ॲप्रनवर तेलाचे डाग हवेत. तेही कुठेही सांडलेले चालत नाहीत. विमान जिथे रोज उभं राहतं तिथे, इंजिनाच्या बरोबर खाली पाहिजेत. धावपट्टीवर विमानाची चाकं टेकतात त्या पट्ट्यात रबराचा काळा थर हवा, आणि वाऱ्यामुळे ज्या टोकाकडून विमानं जास्त उतरतात ते टोक दुसऱ्यापेक्षा काळं हवं. काँक्रीटच्या फरशांच्या सांध्यांत गवत हवं. एरोब्रिजच्या पत्र्यावर पावसाचे ओघळ हवेत, पिवळ्या रेषा पुसट झालेल्या हव्यात, आणि नवी रेषा मारल्यावर जुनी खरवडून काढल्याची खूणही हवी. खऱ्या विमानतळांवर हाच रबराचा थर वेळोवेळी पाण्याचे जोरदार फवारे मारून खरवडून काढतात, कारण त्याने धावपट्टी गुळगुळीत होते आणि चाकांची पकड सुटते. म्हणजे एकीकडे विमानतळवाले तो घालवायला पैसे मोजतात आणि दुसरीकडे आमचे शौकीन तो लावून घ्यायला. एखाद्या ॲडऑनबद्दल ‘फारच स्वच्छ आहे हो’ असं कोणी म्हणालं, की समजावं, धंदा बसला.

माझा मेहुणा या नादाला लागला आहे. पुण्यात राहतो, एका कारखान्याचे हिशेब बघतो, आणि रात्री नऊनंतर तो कॅप्टन असतो. एकदा मला मोठ्या कौतुकाने त्याने फ्रँकफर्टचा विमानतळ दाखवायला बसवलं. मला वाटलं विमान उडेल. विमान जागेवरून हललं नाही. मेहुण्याने ते तसंच सोडून दिलं आणि कॅमेरा खाली जमिनीलगत नेला.

“दाजी, हे बघा.”

“काय आहे?”

“गटाराचं झाकण.”

“बरं.”

“खऱ्या फ्रँकफर्टलाही बरोबर इथेच आहे.”

“तू कधी गेला होतास फ्रँकफर्टला?”

“जायला कशाला पाहिजे? फोटो आहेत ना.”

मग त्याने मला झाकणावरचा गंज दाखवला. मग पाऊस लावला, आणि ओल्या डांबरात टर्मिनलचे दिवे कसे उमटतात ते दाखवलं. मग संध्याकाळ लावली आणि दिवे एकदम न लागता कसे एकेक लागतात ते दाखवलं. तासाभराने मी चहा मागितला तेव्हा विमानाची दारंसुद्धा लागलेली नव्हती. चहा घेऊन त्याची बायको आली. ती म्हणाली, “दाजी, यांना जरा आमच्या बाथरूमचं छत दाखवा. दोन पावसाळे झाले, वरून ओल येतेय, यांचं लक्ष नाही.” मेहुणा उठला, बाथरूममध्ये गेला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, “टेक्स्चर काय सुंदर आलंय!”

या शौकाची मुळं शोधायला गेलं तर ती एका अगदी निर्मळ, बिनडागी जगात निघतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकलेला ब्रूस आर्टविक नावाचा माणूस. त्याने आणि त्याच्या सबलॉजिक कंपनीने १९८०च्या सुमाराला ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी विमान उडवायचं सॉफ्टवेअर काढलं. त्यात जग म्हणजे काळ्या पडद्यावरच्या काही रेघा. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याच्याकडूनच आपलं फ्लाइट सिम्युलेटर करून घेतलं आणि खेळणारा सुरुवातीला जिथे उभा राही ती जागा ठरली शिकागोची मेग्ज फील्ड. मिशिगन सरोवराच्या काठाला चिकटलेली एकच धावपट्टी, शेजारी शिकागोच्या गगनचुंबी इमारती. इमारती म्हणजे उभ्या-आडव्या चार रेघा. सरोवर म्हणजे एक रंग. तरी माणसं थरारून जात. ‘हे शिकागो’ असं सांगितलं की शिकागो दिसे. उरलेलं काम ज्याचं त्याने डोक्यात करायचं. ॲडऑनचा धंदा तेव्हाचाच. सबलॉजिक वेगवेगळ्या प्रदेशांच्या सीनरी डिस्क विकायची. डिस्कवर मिळे काय, तर आणखी काही शहरांच्या आणखी काही रेघा. त्यात गंज शोधायला कोणी बसत नसे, हे त्या पिढीचं सुखच म्हणायचं.

पुढची वीस वर्षं जगभरातल्या असंख्य लोकांचं पहिलं उड्डाण मेग्ज फील्डवरून झालं. शिकागोत पाऊल न ठेवलेल्या माणसांना ती धावपट्टी घरच्या अंगणासारखी पाठ होती. आणि ३० मार्च २००३च्या मध्यरात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी तिच्यावर बुलडोझर पाठवले. अतिक्रमण विभागाची कारवाई भल्या पहाटे होते हे आपल्याला नवीन नाही, पण इथे तर धावपट्टीच्या मधोमध भलेमोठे फुलीचे आकार उकरून ठेवले. सोळा विमानं तिथे अडकून पडली. ती नंतर टॅक्सीवेवरून उडवून बाहेर काढावी लागली. शहराला पुढे ३३ हजार डॉलर दंड झाला, तो त्यांनी भरला आणि तिथे बाग केली.

खरी मेग्ज गेली. २००६च्या आवृत्तीतूनही ती काढून टाकली गेली आणि शौकीन मंडळींनी ताबडतोब तिची ॲडऑन करून ती परत बसवली. महापौरांचा हुकूम शिकागोत चालला, कम्युनिटी फोल्डरात चालला नाही. शेवटी २०२२ साली, सिम्युलेटरला चाळीस वर्षं झाली तेव्हा, खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ती परत आणली. आता गंमत अशी, की ज्या मेग्जवर १९८२ साली एक डाग नव्हता तिला आता डाग पाहिजेत. धावपट्टी जगात नाही, पण तिच्यावर कुठे भेगा होत्या हे जुने फोटो काढून तपासायची सोय आहे, आणि तपासणारे आहेत.

हाँगकाँगच्या काई टाकचंही तेच. ६ जुलै १९९८ला तो विमानतळ बंद झाला. टेकडीवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या चौकटींकडे सरळ जायचं, आणि त्या आता अंगावर येणार असं वाटलं की उजवीकडे ४७ अंश वळून इमारतींच्या छपरांवरून धावपट्टीवर उतरायचं, असा तो प्रकार होता. खिडकीतून लोकांच्या घरातले टीव्ही दिसत, असं तिथून गेलेले प्रवासी सांगत आले आहेत. वैमानिकांनी सुटकेचा निःश्वास टाकून सोडून दिलेला तो विमानतळ सिम्युलेटरवाल्यांनी अजून चालू ठेवलाय. तिथे प्रश्न फक्त एवढाच, की बाल्कन्यांमधलं वाळत घातलेलं धुणं पुरेसं आहे की नाही.

मधल्या काळात यंत्राने हे काम अंगावर घेऊन बघितलं. २०२०च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने नवा सिम्युलेटर आणला. त्यात बिंगचे उपग्रह आणि हवाई फोटो वापरून अख्खी पृथ्वी घातली, सुमारे ३७ हजार विमानतळ घातले, आणि घरं बांधायचं काम ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क कंपनीच्या संगणकी बुद्धीला दिलं. वरून छप्पर बघायचं आणि खाली काय असेल ते ओळखून इमारत उभी करायची. आता वरून छप्पर बघून खालच्या घराची पारख करायची म्हणजे पोरीला स्थळ बघताना बंगल्याचा पत्रा मोजण्यातला प्रकार. लंडनचा बकिंगहॅम राजवाडा त्याला कचेरीची इमारत वाटला, आणि तिथे ती उभी राहिली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या एका साध्या वस्तीत तर २१२ मजल्यांचा मनोरा उगवला, सुईसारखा बारीक आणि ढगांपर्यंत पोहोचलेला. खुल्या नकाशात कोणा हौशी माणसाने दोन मजल्यांच्या जागी चुकून २१२ टाकले होते. ती चूक नंतर नकाशात दुरुस्त झाली, पण तोवर यंत्राने जुनी नोंद उचलून बांधकाम पुरं केलं होतं. जगभरचे शौकीन विमान घेऊन त्या मनोऱ्याच्या दर्शनाला गेले. त्याला प्रदक्षिणा घातल्या. काहींनी माथ्यावर विमान उतरवून दाखवलं.

मला त्या यंत्राचं कौतुक वाटतं, आणि कीवही. चुकलं तरी ते स्वच्छच चुकतं. २१२ मजले बांधले, पण एका खिडकीखाली एसीच्या पाण्याचा ओघळ काढायचं त्याला सुचलं नाही. तिथे माणूसच लागतो.

हा माणूस कसा असतो म्हणाल, तर बहुधा एकटा, फार तर दोघं-तिघं मिळून. पुण्यात गणपतीत मंडळं राजस्थानातला महाल किंवा दक्षिणेतलं देऊळ उभं करतात, आणि कारागीर कळसावरच्या नक्षीवर रात्री जागवतो, जी नक्षी रांगेतला भाविक मान वर करून बघणारही नसतो. त्याच जातीचं हे वेड आहे, फरक एवढाच की इथे विसर्जन नाही. सरकारी नकाशातून धावपट्टीची मापं काढायची, ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खांब-भिंती उभारायच्या, लांबून दिसणारं टर्मिनल वेगळं आणि जवळून दिसणारं वेगळं करायचं, म्हणजे कॉम्प्युटरला धाप लागत नाही. आणि फोटो. हजारो फोटो. स्वतः जाऊन काढायचे, नाहीतर तिकडून जाणाऱ्या-येणाऱ्यांना गळ घालायची. कोणी विमानतळावर गेला की तो आपल्या बायकोपोरांचे फोटो काढतो. या मंडळींना कोपऱ्यातलं विजेचं खोकं पाहिजे असतं, त्यावरचा नंबर पाहिजे असतो, आणि खोक्याची मागची बाजूही.

हे काम आपल्याकडे करून बघा. सीआयएसएफच्या जवानाला तुम्ही कसं समजावणार, की साहेब, मी या पाइपाचा फोटो घेतोय तो निव्वळ रंग कुठे उडालाय ते कळावं म्हणून? जितकं खरं सांगाल तितके जास्त अडकाल.

आणि पुण्यात तर प्रश्नच मिटला. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. विमान टेकतं न टेकतं तोच घोषणा होते, की हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, फोटो काढायला मनाई आहे. फ्रँकफर्टच्या गटाराचं झाकण कुठे आहे हे छातीठोक सांगणारा माझा मेहुणा घरापासून अर्ध्या तासावरच्या लोहगावबद्दल मुका होतो. एकदा दिल्लीहून येताना तो खिडकीला नाक लावून बसला आणि दिसेल ते पाठ करत राहिला. शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं, पोरगं उतरताना घाबरलंय, स्तोत्र म्हणतंय. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्या नादात टॅक्सीवेवरचे दोन फलक त्याचे हुकले, त्याची हळहळ त्याला अजून आहे.

गोव्याच्या दाबोळीची गत तीच. तिथे धावपट्टी नौदलाची, आयएनएस हंसा. प्रवासी काजू आणि टोपी सांभाळत खाली उतरतात तेवढ्यात शेजारून लढाऊ विमान निघून जातं. त्याच आवारात एक चढण बांधलेली आहे. विमानवाहू नौकेवरून उड्डाण कसं करायचं त्याच्या सरावासाठी, टोकाशी वर वळलेली. उपग्रहाच्या चित्रात ती स्वच्छ दिसते. मेहुण्याचं ठाम मत आहे, की त्या चढणीशिवाय दाबोळी म्हणजे दाबोळी नव्हे. मी विचारलं, तिचा तुला काय उपयोग? त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली घेऊन सांगितलं, की एकदा त्या चढणीवरून १८० प्रवाशांची एअरबस उडवून बघायची आहे. एरवी हा माणूस रस्त्यावरच्या गतिरोधकावरून स्कूटर उतरून ढकलत नेतो.

मुंबईचं म्हणाल तर मुंबईचा विमानतळ खरा करणं म्हणजे विमानतळ करणंच नव्हे. २०१४ साली सुरू झालेलं टर्मिनल दोन, त्याचे वर जाऊन छत्रीसारखे फुलणारे पांढरे खांब, मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेली नक्षी, हे सगळं मॉडेल करायला अवघड असेल, पण ते सुंदर आहे आणि सुंदर गोष्ट करणारा कोणीतरी भेटतो. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्याही नकाशातून उतरवता येतात. खरी मुंबई कुंपणाच्या पलीकडे सुरू होते. पूर्वेकडून उतरताना खाडी येते, मग घाटकोपरची टेकडी, आणि मग चाकांच्या खाली घरंच घरं, जरीमरीपासून कुर्ल्यापर्यंत, भिंतीला भिंत लावून, विमानतळाच्या भिंतीलासुद्धा. मेच्या अखेरीस त्या छपरांवर निळी ताडपत्री चढते आणि दिवाळीच्या आसपास उतरते. आता ही ताडपत्री ऋतूप्रमाणे बदलणारी करायची, की बारा महिने ठेवायची? मेहुण्याचं म्हणणं, ऋतूप्रमाणे. मी म्हटलं, काही घरांवर ती दिवाळीनंतरही राहते, कारण उतरवायला माणूस मिळत नाही. तो गंभीर झाला. त्याने ते लिहून घेतलं.

कुंपणापलीकडे काय दिसतं याला महत्त्व नाही असं कोणी म्हणू नये. जुहूचा विमानतळ सांताक्रूझच्या पश्चिमेला जवळच आहे, आणि त्याची धावपट्टी जवळपास त्याच दिशेची. २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८, चार इंजिनांचं भलंथोरलं विमान, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. पट्टी संपली, विमान संपेना. ते पुढे जाऊन मोडलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही, विमान मात्र पुन्हा उडण्याजोगं राहिलं नाही. म्हणून मुंबईचा ॲडऑन घेताना जुहू त्यात नीट आहे का, हे विचारणारी मंडळी आहेत. हेतू असा, की ती चूक आपल्यालाही करता यावी.

हा सगळा मळ एकदा विकत आणला की पुढचा अध्याय सुरू होतो, त्याचं नाव एफपीएस. कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं काढतो, तो आकडा. गवताचं प्रत्येक पातं, ट्रॉलीवरची प्रत्येक बॅग, काचेमागे उभा प्रत्येक प्रवासी, हे सगळं त्या बिचाऱ्याला काढावं लागतं, आणि मोठ्या विमानतळाजवळ आल्यावर तो घाम गाळायला लागतो. विमान धावपट्टीवर उतरायचं सोडून एकेका फोटोतून पुढच्या फोटोत उडी मारतं. मग शौकीन सेटिंगमध्ये जातात. आधी उभ्या गाड्या बंद करतात. मग माणसं. मग गवत. मग टर्मिनलच्या आतलं सामान. आणि शेवटी ‘कमी दर्जाची टेक्स्चर’ अशा खुणेवर बोट ठेवतात, म्हणजे ज्या डागासाठी डॉलर मोजले तो डागच धुऊन काढतात. कोणी यावर इलाज म्हणून नवं ग्राफिक कार्ड घेतो. एखाद्या तगड्या कार्डाच्या पैशात खऱ्या फ्रँकफर्टला जाऊन, ते झाकण बघून, त्याच्याशेजारी उभं राहून परत येता येईल. हे मी मेहुण्याला सुचवलं. तो म्हणाला, “तिथे ॲप्रनवर सोडतात होय कोणाला?” याला उत्तर नव्हतं.

बरं, एवढं करून विमानतळ ताजा राहील याची खात्री नाही. धावपट्टीला जो आकडा असतो तो तिची चुंबकीय दिशा दहाने भागून येतो, आणि पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव स्वतःच्या मर्जीने सरकत असतो. लंडनच्या स्टॅनस्टेडला २००९ साली धावपट्टीचे आकडे ०५ आणि २३ खोडून ०४ आणि २२ लिहावे लागले. धावपट्टी तसूभर हलली नव्हती, पृथ्वी हलली होती. ॲडऑन करणाऱ्याने दर २८ दिवसांनी निघणारं हवाई मार्गांचं नवं पत्रकही बघायचं असतं. माझ्या मेहुण्याने ते पत्रक कधी चुकवलं नाही. त्याच्या स्कूटरचा पीयूसी मात्र केव्हाच संपलाय.

आपल्याकडे तर ध्रुव सरकायची वाट बघायला नको. गोव्यातल्या मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला, पुण्याचं नवं टर्मिनल २०२४च्या जुलैत, नवी मुंबईचं उद्घाटन २०२५च्या ऑक्टोबरात. एखाद्या गरीब मॉडेल करणाऱ्याने पुण्याचं जुनं टर्मिनल तंतोतंत केलं असेल, तर त्याच्या मेहनतीला इतिहास म्हणून तेवढी किंमत. शिवाय भारतीय विमानतळ तयार कधी होतो, हाही प्रश्नच आहे. उद्घाटन झालं तरी एका बाजूला पत्रे लावलेले असतात, पत्र्यांवर तयार झाल्यावरचं चित्र असतं, आणि चित्रात गोरे प्रवासी. माझ्या मते भारतीय विमानतळाचा खरा ॲडऑन तोच, ज्यात ते पत्रे आहेत.

राहता राहिला प्रवासी. एवढ्या खऱ्याखुऱ्या विमानतळात त्याला दुखेल असं काही नाही. सुरक्षा तपासणीत पट्टा काढायला लावत नाहीत, ‘सर, बॅग खोला’ होत नाही, गेट शेवटच्या क्षणी दुसऱ्या टोकाला हलवत नाहीत, आणि समोसा कितीला हे विचारायची भीती नाही, कारण समोसाच नाही. मी हे मेहुण्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, “दाजी, असं समजू नका. आम्हाला रांग आहे.”

आणि होती. त्यासाठी जीएसएक्स नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लोक पैसे देऊन घेतात. ते बसवलं की विमानाला जिने लागतात, बॅगा पट्ट्यावरून चढतात, इंधनाची गाडी येते, आणि प्रवासी एकेक करून चालत विमानात शिरतात. सगळे शिरेपर्यंत कॅप्टनने थांबायचं. लोक थांबतात. वर व्हॅटसिम आहे; २००१ साली सुरू झालेलं हे जाळं, ज्यावर शौकीन मंडळीच कंट्रोल टॉवरमध्ये बसतात आणि शौकीन मंडळीच परवानगी मागतात. पगार कोणालाच नाही, शिस्त सगळ्यांना. त्यांचा ‘क्रॉस द पाँड’ नावाचा सोहळा असतो: एका शनिवारी शेकडो माणसं एकाच वेळी अटलांटिक ओलांडायला निघतात. निघायची वेळ आधी मागून घ्यावी लागते, ती सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळाली तरी टॅक्सीवेवर तुमच्या पुढे एवढी विमानं असतात की शेपटीपलीकडे शेपटीच दिसते.

गेल्या खेपेला मी त्याच्या घरी गेलो तो नेमका तोच शनिवार. युरोपातून अमेरिकेकडे जायचं होतं. आपल्याकडे संध्याकाळ. मेहुणा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याच्या बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “पानं घेऊ का?”

“अजून अकरावा नंबर आहे.”

“म्हणजे किती वेळ?”

“सांगता येत नाही. हलायचं नाही, नंबर जातो.”

“आणि पोहोचणार कधी?”

“पहाटे.”

तिने एक क्षण विचार केला. मग पोळीभाजीचं ताट आणून कीबोर्डशेजारी ठेवलं आणि म्हणाली, “एवढं सगळं खरं खरं आहे, तर विमानात जेवण नाही का देत?”

“केटरिंगचा ट्रक येऊन गेला,” मेहुणा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “पण दाराला लागलेला दिसतो, तेवढंच. आत काही नसतं.”

“ट्रकवर डाग होते ना?”

“होते.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि मला पान वाढायला आत गेली.